खिळ्यावरच्या चुंबळी

मंडळी, आधीच सांगतो, लिहिण्यात चुका असतील. आठवीतून शाळा सुटली, त्यानंतर पेन धरला तो फक्त स्पीकरवर ग्राहकाचं नाव टाकायला. पण इथले सगळ्यांचे अनुभव वाचतो रोज, तेव्हा वाटलं आपलाही लिहावा.

मी स्पीकर दुरुस्तीचं काम करतो. माझ्या धंद्यात आवाज आला की त्याला कारण असतं. घरघर आली तर अर्थिंग, खरखर आली तर कोन फाटलेला, मध्येच कुणीतरी कण्हल्यासारखं वाटलं तर कपॅसिटर गेला. एकदा एका बाईंनी होम थिएटर आणून ठेवलं — "ह्याच्यात सासूबाई बोलतात" म्हणून. आत झुरळ निघालं. त्यामुळे भूत, छाया, आत्मा ह्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही आहे असं म्हणत नाही. पण जे घडलं त्याचा फॉल्ट मला सापडलेला नाही...

मी मूळचा जत तालुक्यातला. एका डीजेच्या गाडीबरोबर बॉक्स उचलायला म्हणून अमरावतीला आलो. पुढे गाडी बंद पडली, मालक निघून गेला, मी इथंच राहिलो. रऊफभाईंनी दुकानात घेतलं. काम त्यांनी शिकवलं, अगदी सोल्डरिंगची गन कशी धरायची इथपासून. ते मला नावानं हाक मारत नाहीत. "ए सांगली!" म्हणतात. आता गल्लीतले सगळेच म्हणतात.

घरापासून इतक्या लांब एकटा माणूस राहतो तेव्हा त्याला एक काहीतरी स्वतःचं लागतं. माझे होते दोन स्पीकर. जुन्या प्लायवूडच्या पेट्या, भंगारातून आणलेले बारा इंची वूफर, सगळं स्वतः बसवलेलं. एकेक पेटी सोळा-सतरा किलोची. संध्याकाळी दुकानातून आलो की तासभर गाणी लावायची, तेवढाच माझा दिवस.

त्याच्यापायी आधीची खोली गेली होती. खालचे मालक झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. ठक ठक ठक — म्हणजे आवाज कमी कर. मी कमी करायचो, तरी ठोकायचे, कारण वरून आवाज कमी झाला तरी बेस जमिनीतून जातो. शेवटी सामान दारात. महिनाभर दुकानातच झोपलो. अजूनही कुठं ठक झालं की माझा हात आधी आवाजाच्या बटणाकडं जातो.

मग बडनेऱ्याला वानखडे काकूंकडे वरची खोली मिळाली. काकू साठीच्या पुढच्या, एकट्या. काका रेल्वेत की-मॅन होते, हातोडी घेऊन रूळ तपासत चालायचे. मी यायच्या आधी दोन वर्षं वारले. मुलगी मीनाताई अकोल्याला दिलेली. सिमेंटचं साधं घर, खाली दोन खोल्या, वर एक. मागून रेल्वेची लाइन. काकूंनी भाडं विचारायच्या आधी मला विचारलं होतं, "जेवला का?" आणि नाही म्हटल्यावर भाकरी आणि झुणका समोर ठेवला. माझ्या आईनंतर असं कुणी विचारलं नव्हतं.

पण काकूंची मला भीतीही वाटायची. एक तर बोलणं मोठ्यानं आणि तुटक. आणि बोलताना नजर थेट माझ्या तोंडावर. डोळ्यांत नाही, तोंडावर. मला वाटायचं तंबाखूचा खर्रा खातो का ते बघतात. मी मान खाली घालायचो. मान खाली घातली की त्या अजून मोठ्यानं, "काय?" कधी मी विचारायचो एक, उत्तर यायचं भलतंच. मी म्हटलं, "काकू, पाणी कधी येतं?" तर म्हणाल्या, "हो, तेही खाजो." आमच्याकडं एवढ्या जोरात माणूस भांडतानाच बोलतो. मला कळायचंच नाही की ह्या रागावल्यात की काय.

तीनेक आठवडे झाले असतील. सकाळी पायरीवर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी चप्पल घालतोय तोच म्हणाल्या, "काल लय हालवलं रे पोरा घर. भित नुसती हालून राहिली होती."

झालं. मी "सॉरी काकू" म्हणून पळालो. दिवसभर डोक्यात एकच — ही खोली गेली तर पुन्हा दुकानाचा ओटा.

रऊफभाईंना सांगितलं. ते हसले. "अबे सांगली, आवाज हवेतून कमी जाते, पायातून जास्त जाते. स्पीकरले जमिनीवरून उचल. खाली नरम काहीतरी दे."

बाजारात त्यासाठी तयार पॅड मिळतात, पण ते आपल्यासाठी नाहीत. घरात काय आहे ते बघितलं. पहिल्यांदा वर्तमानपत्राच्या घड्या. काही फरक नाही. मग जुन्या स्लिपरचे तुकडे कापून चार कोपऱ्यांना. थोडा फरक. मग सायकलची ट्यूब गुंडाळून, मग पोरांचे रबरी चेंडू अर्धे कापून, मग भांडी घासायचे स्पंज. तपासायची माझी पद्धत साधी — फरशीवर स्टीलच्या वाटीत पाणी ठेवायचं. गाणं लावलं आणि पाण्यावर वर्तुळं उठली की उपाय फसला. वर्तुळं उठतच होती.

खोलीच्या माळ्यावर एक गाठोडं होतं. राहायला आलो तेव्हाच काकू म्हणाल्या होत्या, "वर जे असन ते फेकून दे, नाहीतर वापर. मले पायऱ्या चढवत नाही." त्यांचे गुडघे गेलेले, वर कधीच येत नसत. गाठोडं सोडलं तर आत जुन्या लुगड्यांचे तुकडे, एक फाटकी खंजिरी आणि चार चुंबळी. बायका डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात ती कापडाची गोल चुंबळ. पण ह्या साध्या नव्हत्या. आत सरकी भरून, वरून लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळून शिवलेल्या. दाबलं की बसायच्या, सोडलं की हळूच उठायच्या. मी हातात घेतली आणि तिथंच समजलो, काम झालं. जी वस्तू भरलेली घागर चालत्या बाईच्या डोक्यावर डुचमळू देत नाही ती वूफरला काय दाद देणार?

एका पेटीखाली दोन, दुसरीखाली दोन. गाणं लावलं. वाटीतलं पाणी आरशासारखं. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा चेहरा उतरलेला. रोजचा चहा पुढं आला नाही. म्हणाल्या, "काल घरी नोता का?"

"होतो की."

"हं," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मला वाटलं, अजून थोडं जातंय खाली. त्या दिवशी आवाजही निम्मा केला. त्याच्या पुढच्या दिवशी काकूंनी दारच उघडलं नाही. मी कडी वाजवली दोनदा. मग आवाज आणखी कमी केला. आणि काकू रोज जरा जास्तच गप्प.

आता मूळ गोष्ट.

चौथ्या-पाचव्या दिवशी, सोमवार होता. साडेसहाला दुकानातून आलो, कुलूप उघडलं. दोन्ही स्पीकर जमिनीवर. सरळ, जागच्या जागी, वायरी लागलेल्या. फक्त खाली चुंबळी नाहीत. पहिला विचार — मालगाडीच्या हादऱ्यानं घसरले. पण मग चुंबळी कुठं? पलंगाखाली नाहीत, माळ्यावर नाहीत. शेवटी दमून पलंगावर पडलो तेव्हा दिसल्या. दाराच्या चौकटीच्या वर, पार छताजवळ एक जाड लोखंडी खिळा आहे. त्या खिळ्याला चारही, एकीवर एक.

मी उंचीनं बऱ्यापैकी आहे. हात पोचला नाही. स्पीकरवर चढून काढाव्या लागल्या. खोलीत दुसरं काहीच नाही चढायला, पलंग बुटका, स्टूल नाही की खुर्ची.

खिडकीला ग्रिल. दाराचं कुलूप माझं स्वतःचं, नवीन. एक किल्ली माझ्या करदोड्याला आणि दुसरी दुकानाच्या गल्ल्यात. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण काकूंना विचारायचं तरी काय? तुम्ही माझ्या खोलीत आला होता का, असं? उपकार करणाऱ्या बाईवर आळ घ्यायचा? मी चुंबळी परत लावल्या आणि गप्प बसलो.

मंगळवारी काही नाही. बुधवारी पुन्हा तेच. स्पीकर खाली, चुंबळी खिळ्यावर. ह्या वेळी मी पेट्यांच्या कडेनं खडूनं खूण केली होती. रेघ कुठंही पुसलेली नव्हती. म्हणजे पेटी सरकलेली नाही, उचलून खालचं काढून परत तिथंच ठेवलेली. सतरा किलो. आणि एक गोष्ट डोक्यात आली ती तेव्हापासून जात नाही. स्लिपर होती, ट्यूब होती, चेंडू होते, तेव्हा कुणी हात लावला नव्हता. जोवर उपाय फसत होता तोवर शांत. जमला तसं सुरू.

रऊफभाईंना सांगितलं तर म्हणाले, "तुले झोपेत चालायची बिमारी आहे."

"भाई, मी दुकानात असतो त्या वेळी. तुमच्यासमोर."

"मंग चूहे."

"चूहे खिळ्याला टांगतात?"

त्यांनी सोल्डरिंगची गन खाली ठेवली. मग म्हणाले, "शनिवारी मी येतो. दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ राहतीन."

शनिवारी सकाळी ते स्कूटरवर बडनेऱ्याला आले. आम्ही दोघांनी मिळून चुंबळी बसवल्या. त्यांनी स्वतः कुलूप लावलं, ओढून बघितलं, दोन्ही किल्ल्या खिशात. दिवसभर मी त्यांच्या डोळ्यांसमोर. संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोघं परत आलो.

घरासमोर रिक्षा उभी. रिक्षात दोन पिशव्या आणि एक गाठोडं. मीनाताई दारातून तिसरी पिशवी आणत होत्या. मला बघून थांबल्या.

"तुमीच का वरचे?"

"हो ताई."

"आईले अकोल्याले नेऊन राहिली मी. आता इथं नाही राहात म्हणते. तुमी दुसरी खोली पाहा, महिनाभरात. घर विकू आमी."

मागे काकू खुर्चीत बसलेल्या. धुतलेलं लुगडं, हातात पाण्याची बाटली. माझ्याकडं बघितलंही नाही. मला वाटलं, एवढं करूनही भिंत हालली. माझ्यामुळं एक म्हातारी बाई घर सोडून चालली. रऊफभाईंनी माझा दंड धरला. "चल, पयले वर चल. पाहू तर दे."

कुलूप त्यांनी उघडलं. मी बाहेरच थांबलो.

त्यांची पावलं आत दाराशीच थांबली. मग म्हणाले, "या अल्ला. सांगली... इकडं ये."

स्पीकर जमिनीवर. चारही चुंबळी खिळ्यावर.

रऊफभाई खिळ्याखाली उभे राहून वर बघत होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. आयुष्य दुरुस्तीत गेलेला माणूस. घाबरला तरी हात कामाकडंच जातो. खाली बसून वायरी तपासल्या, टर्मिनल दाबून बघितले. "लाव बरं. चालू आहे का पाहू."

"भाई, खाली त्यांचं—"

"लाव म्हनतो ना."

मी लावलं. घाईत बटण पूर्ण फिरलं. उघड्या फरशीवर ठेवलेले दोन बारा इंची वूफर, आणि ढोलकीचं गाणं. दाराची कडी वाजायला लागली. मी आवाज कमी करायला झेपावलो तोच खालून मीनाताई ओरडल्या —

"आई! ओ आई!"

आम्ही दोघं दोन-दोन पायऱ्या उतरत खाली. मला वाटलं काकू पडल्या.

काकू भिंतीला टेकून फरशीवर बसल्या होत्या. दोन्ही तळवे मागे भिंतीवर सपाट लावलेले. डोळे मिटलेले. उजव्या हाताची बोटं भिंतीवर ठेका धरत होती — अगदी बरोबर, एक मात्रा इकडे नाही की तिकडे. चेहऱ्यावर असं हसू, जसं खूप दिवसांनी कुणाचं पत्र यावं.

डोळे उघडून मला म्हणाल्या, "आलं का रे पोरा? मले वाटलं तुले माह्या बोलण्याचा राग आला म्हनून बंदच केलं तुनं."

"काकू, तुम्हीच म्हणाला होता की भिंत हालते..."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी मान वर करून परत सांगितलं, सावकाश.

"हो मंग! हालत होती ना! चांगलं हालत होती. थेच तर म्हटलं म्या!"

मीनाताईंनी डोक्याला हात लावला. "तुम्हाले माहीत नाही का? आईले ऐकू येत नाही. तीन वर्सं झाले. कोनाले सांगत नाही थे, तोंड पाहून बोलते. बाबा होते तवा वरच्या खोलीत त्याइचं भजनी मंडळ बसे. खंजिरी, ढोलक. आई इथंच बसे, भितीले पाठ लावून. बाबा गेले, मंडळ बंद झालं. मंग तुमी आले. फोनवर चेहरा दाखवून सांगे मले — 'घर बोलाले लागलं मीना.' आनि आता दहा दिवसांपासून म्हनते, 'घर मेलं. मले घेऊन जाय.'"

दहा दिवस. मी चुंबळी लावल्याला दहाच दिवस झाले होते.

रऊफभाई म्हणाले, "काकू, पन मागून गाडी तर जातेच की दिवसभर. ते नाही का समजत?" ते त्यांच्यासमोर वाकून बोलले, त्यामुळं काकूंना कळलं.

"गाडी येते न जाते भाऊ. तिले काय माह्याशी देनंघेनं? गानं थांबून राहते जवळ."

रिक्षावाला बाहेरून म्हणाला, "निघाचं का ताई? गाडीचा टाइम झाला." मीनाताईंनी आईकडं बघितलं. काकूंनी हात हलवला. "पिशव्या काढून घे. तुई बी राह्य आज. चहा मांडतो मी. ए पोरा, तू खाली काहून उभा आहे? वर गानं चालू हाये, कोन ऐकून राहिलं तिथं?"

मीनाताई हसता हसता रडायला लागल्या. मी काय करत होतो ते सांगत नाही.

चहा झाल्यावर मी वर जाऊन चुंबळी काढून आणल्या. आता लपवायचं काही नव्हतं. काकूंच्या मांडीवर ठेवल्या. म्हटलं, काकू, मी ह्या लावल्या होत्या म्हणून घर गप्प होतं. त्यांनी एकेक उलटीसुलटी करून बघितली. म्हणाल्या, "ह्या तर माह्याच हातच्या." मग मी घाबरत घाबरत पुढचं सांगितलं — तीन वेळा कुणीतरी काढल्या, दाराच्या वरच्या उंच खिळ्याला अडकवल्या.

काकूंचा हात थांबला.

मग बोलल्या, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही. त्यांचं सासर अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातलं. गावची विहीर खारी. गोडं पाणी दुसऱ्या शिवारातून डोक्यावर आणायचं. मीनाताईंच्या वेळी दिवस भरत आले तरी काकू घागर घेऊन जायच्या, कुणाचं ऐकायच्या नाहीत. एके दिवशी चुंबळ सापडेना. बघतात तर चौकटीवर उंच खिळा ठोकून काकांनी तिथं टांगलेली. काकू ठेंगण्या, हात पोचेना. काका स्वतः घागर घेऊन निघाले. गावातले पुरुष हसले, "वानखड्या बाई झाला" म्हणाले. ते हसत गेले आणि हसत आले.

"मंग थेच चालू झालं जनमभर," काकू म्हणाल्या. "मले ताप असो का कंबर धरलेली असो. खिळ्यावर चुंबळ दिसली का समजाचं, आज बाईनं बसून राहाचं. हे घर बांधलं, नळ आला, तरी बी वर खिळा ठोकला त्याइनं. मी म्हटलं, आता काहून? तं म्हने, राहू दे, लागते."

मागून एक मालगाडी गेली. काकूंनी फरशीवर हात ठेवला, ती जाईपर्यंत ठेवला, आणि उचलला.

मंडळी, एवढंच आहे. मी ही कथा खिळ्याची समजतो, रऊफभाई कुलपाची. त्यांचं अजून म्हणणं आहे की दाराच्या बिजागरीत काहीतरी गडबड असणार. दोनदा येऊन बिजागऱ्या तपासून गेले, ठीक आहेत. एकदा म्हणाले, "सांगली, पुन्हा एक दिवस लावून पाहू का चुंबळी? पक्कं तरी होईन." मी नको म्हटलं. ज्यांचं काम झालं त्यांना परत कशाला उठवायचं. आणि खरं सांगायचं तर माझं पोरकेपण ज्या घरानं घालवलं त्या घराची मी परीक्षा घ्यायची, हे मला बरं वाटत नाही. कारण काय ते मला माहीत नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा, वाचीन.

चुंबळी खिळ्यावरच आहेत. काकूंनीच परत टांगायला सांगितल्या. मी स्पीकरवर चढून टांगल्या. स्पीकर उघड्या फरशीवर, खाली कागदाची घडीसुद्धा नाही. बेसचं बटण तर मी दोन घरं पुढं नेलंय. आता काकूंशी बोलताना मान वर ठेवून बोलतो. पाणी कधी येतं ते कळलं आहे.

हे लिहीत बसलो त्यात आज गाणं लावायचं राहिलं. आत्ताच खालून झाडूचा दांडा छताला लागला — ठक ठक ठक. सवयीनं हात आवाज कमी करायला बटणाकडं गेला. मग आठवलं.

लावतो काकू, लावतो.